नात्यातले का?

मतदानाचं केंद्र यंदा हललं.
गेल्या खेपेपर्यंत चर्चच्या मागच्या खोलीत होतं,
चालत सात मिनिटं.
आता अकरा मैलांवर, शिकारी क्लबात.
तिकडे बस जात नाही. कधीच जात नव्हती.
म्हणून मी रजा टाकली, लुवेनिया आत्याला
गाडीत बसवलं काठीसकट,
मांडीवर उकडलेल्या शेंगांचा डबा.

वाटेत खांबाखांबावर तोच चेहरा:
ट्रॅपनेल. चार पिढ्या तुमच्या सेवेत.
आत्या शेंग सोलत म्हणाली,
"चार कशाला, सहा म्हण.
पहिल्या दोन पिढ्यांत सेवा कोणी केली
तेवढं लिहायला खांब पुरला नसेल."

आम्हीही ट्रॅपनेलच.
त्यांना ते नाव बापाकडून आलं,
आम्हाला यादीतून.
यादी कचेरीत आहे, खोक्यात, मी पाहिली आहे:
तराफा एक.
खेचरं दोन, त्यातलं एक लंगडं.
कफी, वय विशीच्या आसपास, बांधबंदिस्तीत तरबेज, सहाशे डॉलर.
पितळी घंटा एक.
अक्षर मात्र मोत्यासारखं.

बांधबंदिस्ती म्हणजे काय, ते साउथ कॅरोलायनात
आमच्या खाडीकाठी येऊन विचारा.
भरतीला पाणी अडवायचं, ओहोटीला सोडायचं,
कमरेएवढ्या चिखलात, लाकडी फावड्याने.
मैलोगणती बांध घातले त्यांनी
सापांत, हिवतापात,
आणि वर घोड्यावर एकजण, कोरडा.
तांदूळ कधीच गेला. बांध आहेत.
त्यांच्यावर आता बगळे उभे राहतात,
आणि, मला हे गेल्या वर्षी कळलं,
मतदारसंघाची हद्द.

नवा नकाशा मी फोनवर मोठा करून पाहिला.
रेघ महामार्गाने सरळ येते,
चर्चपाशी एकदम वळते,
मग जुन्या बांधावरून, एकही कोपरा न चुकवता,
आमची वस्ती कापत जाते.
इकडचे इकडे, तिकडचे तिकडे,
दोन्हीकडे थोडेथोडे, कुठेच पुरेसे नाही.
सुनावणीत त्यांचा वकील म्हणाला,
"ही तर नैसर्गिक सीमा."
बोलायला दोन मिनिटं मिळतात. मी उठलो.
वाक्यच सुचेना.
घरी भांडी घासताना सुचलं:
तो निसर्ग सहाशे डॉलरचा होता.

क्लबात भिंतभर हरणांची डोकी.
टेबलामागची मुलगी गोड होती,
नावांवरून पट्टी सरकवत आली, थांबली, हसली:
"ट्रॅपनेल! साहेबांच्या नात्यातल्या का?"
आत्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.
"घरातलेच आम्ही त्यांच्या," म्हणाली,
"सामानात होतो."
मुलीची पट्टी होती तिथेच राहिली.

उमेदवार एकच.
चौदा वर्षं समोर कोणी उभंच राहिलेलं नाही.
खाली एक रिकामी ओळ:
दुसरं नाव लिहायचं असल्यास.
आत्या यंत्रासमोर बराच वेळ.
मागे कोणीतरी खाकरलं.
मग तिने मान वळवली, आणि सगळ्या हॉलला
ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं,
"अरे, कफी सी ने की के ने?
त्या खोक्यात दोनदा आहे,
आणि दोन्ही वेळा वेगळं."