किरकोळ

चोवीस तारीख. घाटल्याच्या खोलीत
ट्रंकेवर वही ठेवून बसले.
घरून आलेले नऊ हजार,
वरच्या मजल्यावरच्या शिकवणीचे दीड.

भाडं साडेचार हजार, मेस बत्तीसशे,
बसचा पास साडेचारशे,
रिचार्ज दोनशे नव्याण्णव, झेरॉक्स तीनशे.
इथवर वही शहाण्या मुलीसारखी,
हाताची घडी, तोंडावर बोट.
मग तिरक्या अक्षरात एकच शब्द: किरकोळ.
सोळाशे एकोणनव्वद.
खाली उरलेत बासष्ट.

आई चिपळूणला डेपोसमोर खानावळ चालवते.
फोनमध्ये आधी कुकरची शिट्टी आली, मग ती.
"सोळाशेचं किरकोळ?
अगं, मी मीठसुद्धा मोजते.
किरकोळ नावाचं गिऱ्हाईक
माझ्याकडे अजून जेवलेलं नाही.
ज्याचं त्याचं नाव लिही."

मग अंगठ्याने महिना उलटा सरकवत गेले.
स्कॅन केलं, टिंग वाजलं, संपलं.
नोट असती तर निदान घडी मोडावी लागली असती,
हाताला कळलं असतं काहीतरी जातंय.

रिक्षा, उशीर झाला म्हणून, त्र्याऐंशी.
उशीर का झाला, त्याला वहीत रकाना नाही.
चपलेचा अंगठा, वीस.
ग्रंथालयाचा दंड, अठ्ठेचाळीस,
तेही न वाचलेल्या पुस्तकाचा.
निळी कानातली, दीडशे. अजून पुडीतच आहेत.
पिझ्झा, तिघींत, माझे दोनशे वीस.
चौथी अल्फिया. तिचं पोट दुखत होतं.
तिचं पोट नेमकं
वर्गणी काढायच्या दिवशीच दुखतं,
हे 'किरकोळ' लिहिताना
मला कधी दिसलं नव्हतं.

तिच्या निकालाच्या संध्याकाळी
दोन फालुदे, एकशे चाळीस.
पुढच्या महिन्यात काय टाळायचं
त्यावर काट मारत चालले होते.
इथे पेन टेकलं,
आणि परत आलं.

अशी पानभर नावं झाली.
तरी तीनशे दहा रुपये
कुठे गेले ते काही केल्या आठवेना.
त्यांच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.
आईला हे सांगायचं नाही.

आता तीन तारखेपर्यंत बासष्ट.
मेस भरलेली आहे, पास आहे,
म्हणजे उपाशी नाही, अडकलेलीही नाही.
दहाला एक कटिंग. सहा होतील.
अल्फियाला म्हटलं, तीन तुझे, तीन माझे.
ती म्हणाली, माझं पोट...
म्हटलं, गप बस, हिशोबात धरलंय तुला.
वहीत तसंच लिहिलंय, नावानिशी.

राहिले दोन रुपये.
सवयीने 'कि' लिहिलं,
खोडलं.
शेजारी, नीट सरळ अक्षरात:
शिल्लक.