बीड

उद्यमबागेत, रात्रपाळीच्या ओतणीला
मी फोन छातीशी धरून उभा राहायचो.
शॉट ब्लास्टची चर्र, हॉइस्टची साखळी,
भरमूकाका हुंदऱ्यांचा हातोडा.
एवढंच भांडवल.
बाकी सोहेल सनदीचे ड्रम, हप्त्यावरचे,
आणि बसू हिरेमठचा गळा,
अर्धी ओळ कन्नडात खरवडणारा, अर्धी मराठीत,
मधेच खोकणारा, तेही तालात.

मुंबईच्या मोठ्या कंपनीचा करार आला. एकोणीस पानं.
सातव्यावर: भाषा. एकच निवडा.
पहिल्या रेल्वे गेटपाशी बसलो आम्ही
चहावर साय धरेपर्यंत.
शेवटी सोहेलनं, ज्याच्या घरी तिसरीच बोलतात,
'इतर'वर खूण केली.

अल्बमचं नाव 'बीड'.
फोनवरची बाई म्हणाली, अच्छा, मराठवाड्याचे का तुम्ही?
नाही मॅडम, लोखंड. ओतीव.
वाकत नाही ते. फुटतं.
तिनं लिहून घेतलं
आणि जाहिरातीत छापलं, जरा इस्त्री करून.

मग त्यांनी आवाज धुतला.
साखळीची धूळ गेली, बसूचा खोकला गेला.
हातोडा राहिला. चौथ्या गाण्यात, नुसता,
सव्वीस ठोके.

जेवणाच्या सुट्टीत काकांना ऐकवला.
डाव्या कानात. उजवा कधीच गेलाय.
भाकरी चावत ऐकत होते.
एकोणिसाव्या ठोक्याला जबडा थांबला.
'मागं घे.'
घेतलं.
'आणि एकदा.'

'हे पीस फुटकं हाय.
बाकीची ठण्ण म्हंटात, ह्ये ठद्द म्हणालं.
पंपाची बॉडी हुती न्हवं? गेली व्हय गाडीत?'

मार्चमधलं रेकॉर्डिंग. गाडी त्याच रात्री गेलेली.

काकांनी भाकरी फडक्यात परत बांधली.
'वाजवलं मीच.
खरं त्या दिवशी ऐकलंच न्हाई बघ.
तुझ्या फोनकडं बघत हुतो.'

चौथं गाणं सगळ्यात जास्त चाललंय.
कोण कोण लिहितं, तो एक ठोका
अंगावर येतो, कसा सुचला तुम्हाला?
सोहेल म्हणतो, सांगू नको.

काका गेटवर भेटतात रोज,
किती खपला ते विचारत नाहीत.
हात पुसत, दुसरीकडंच बघत, एवढंच:
'कुणाची तक्रार आली काय रे?'