हांट-टूख

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
लेबलं तपासायचं काम माझं.
शंभर टक्के कापूस. साठ अंशांत धुवा.
आणि वर एक लांब शब्द, कुठंच शिवण न दिसणारा:
हांट-टूख.
शेवटचा ख, बोद्दूलसाहेब म्हणतात,
घशात शेंगाचटणी अडकल्यासारखा खाकरून काढायचा.
हॅम्बुर्गला जाऊन आलेत ते. दोनदा.

शाळेत मला समास सोडवायचा नाद.
हाताचं कापड, की हातासाठी कापड?
षष्ठी की चतुर्थी?
दुपारच्या सुट्टीत डब्यातली कडक भाकरी मोडताना
मी तो शब्दही मोडून पाहायची.
मोडला सरळ, पण मागे काय आहे ते कळेना.

मग इरण्णाच्या रद्दीत एक जर्मन कोश सापडला,
भिजून फुगलेला, साठ रुपये.
फोन शेजारी ठेवून एकेक ओळ लावत बसले.
टूख : कापड. फार जुना. मूळ ठाऊक नाही.
हांट : हात.
त्याच्या मागे काय, म्हणून पाहिलं,
तर तिथं कोशानंच हात वर केलेले.

खाली बारीक अक्षरांत एक म्हातारा शब्द होता.
त्स्वेले.
धुण्याच्या क्रियापदातून निघालेला,
हांट-टूखच्या आधी तिकडे तोही होता म्हणे.
आता त्याच्याच गावात त्याला कुणी ओळखत नाही.
पण त्याची एक भावकी पार फ्रान्सात गेली,
तिथून पोर्तुगालला,
गलबतावर चढली, खाऱ्या वाऱ्यात झिजली,
आणि कुठल्याशा बंदरात उतरून

इतक्यात मोरीतून नायना ओरडला,
“तुवाल!”

आज चौथा दिवस, नळाला पाणी आलेलं.
पस्तीस वर्षं माग चालवलेला माणूस
दाराआडून ओला हात बाहेर काढून उभा.
मी त्या हाताकडे बघतच राहिले.
“तुवाल, शकुंतला! बहिरी झालीस काय?”

सेकंड मालातला दिला, लेबल तिरकं बसलेला.
हांट-टूख खांद्यावर टाकून तो बाहेर आला.
मी विचारलं, नायना, तुवाल हा शब्द कुठला?
“कुठला म्हणजे? आपलाच की,”
कान पुसत म्हणाला,
“तो कोश मिट आता,
पाणी जायच्या आत घागरी भरून घे.”