साधं पाणी

सासवडच्या एसटीत, मांडीवरच्या पिशवीत
सहा बाटल्या.
कंडक्टर नाक मुरडतो :
लसूण सांडलाय का कुणाचा?
मी म्हणते, औषध आहे.
कुणाचं?
वाटाण्याचं.
तिकिटाचं मशीन त्याच्या हातात तसंच राहतं.

दिवे घाट चढताना
बाटल्या एकमेकींना कोपरं मारतात.
कडुलिंब, निर्गुडी, घाणेरी, रुई, लसूण
आणि सहावी, जिच्यात काहीच नाही.
शिवाजीनगरच्या नळाचं पाणी.
चिठ्ठी मात्र तिलाही, तितक्याच सुबक अक्षरात.

घाणेरी कॉलेजच्या मागच्या कुंपणावरची.
शेळीसुद्धा जिला तोंड लावत नाही
तिला आठ दिवस सावलीत वाळवलं,
आईच्या मिक्सरमध्ये दळलं,
जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळलं.
आई आता चटणी पाट्यावर वाटते
आणि वाटताना ऐकवते.

चांगुणाबाई कामथ्यांच्या शेतात अठरा वाफे.
मार्गशीर्ष सरत आलाय :
पहाटे दव, दुपारी कोरडं ऊन,
भुरीला हवं तस्सं.
आधी खालच्या पानावर एकच ठिपका,
कुणी पिठाचं बोट टेकवून गेल्यासारखा.
मग शेजारच्या पानावर.
मग एका आठवड्यात सगळा वेल
गिरणीवाल्याच्या भुवयांसारखा.
पानाला ती लगेच मारत नाही.
पान आणि ऊन यांच्यामध्ये
येऊन बसते फक्त.

मी भिंगातून बघते आणि गुण देते, शून्य ते नऊ.
इथे नऊ म्हणजे नापास.
चार, सात, सोळा : हे साध्या पाण्याचे वाफे.
त्यांच्यावरही मी तेवढाच वेळ पंप मारते,
तेवढ्याच काळजीने,
आणि काहीही देत नाही.

चांगुणाबाई दर खेपेला विचारतात,
ह्या तिघांनी काय घोडं मारलंय तुमचं?
मी सांगते, यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय
कळायचं कसं, बाकीचे कशामुळे वाचले?
त्या मान हलवतात.
पटलं म्हणून नाही,
पोरगी लांबून येते म्हणून.

चौथ्या फवारणीला
चारमध्ये आठ गुण. सोळामध्ये आठ.
सातमध्ये तीन.
मी पुन्हा मोजलं, दुसऱ्या टोकाकडून.
तीन.
गुडघे टेकून पानाचा वास घेतला.
लसूण. थोडा कडुलिंब.
आणि माझ्या यादीत नसलेलं काहीतरी, आंबट.

चांगुणाबाई पाठमोऱ्या शेंगा तोडत होत्या,
जरा जास्तच मन लावून.
"ताक आहे," त्या न वळता म्हणाल्या,
"आठ दिवसांचं. बाकीचं तुमच्याच बाटल्यांच्या बुडाचं."
मग थोड्या वेळाने :
"चार अन् सोळा पल्याड आहेत.
सातवा चुलीपुढं बसलं की समोर दिसतो.
रोज कुणाला मरताना बघायचं?"

दोन वर्षांचं काम. मॅडमना काय सांगू?
संख्याशास्त्रात अशा वाफ्याला गहाळ म्हणतात,
त्याच्या जागी धरायचा आकडा काढायला सूत्रही आहे.
समोर डुलणाऱ्या, शेंगांनी वाकलेल्या वाफ्यापुढे
मी वहीत लिहिलं : सात, गहाळ.

खाली पेन्सिलीने : ताक. प्रमाण?

"प्रमाण कसलं, बादलीला ओंजळभर."
मग मी मोजपात्र आणलं.
त्यांनी ओंजळ भरली, ओतली.
पुन्हा भरली. पुन्हा.
दरवेळी आकडा वेगळा येत होता
आणि त्यांना हसू आवरत नव्हतं,
हातावर चिकाचे डाग, बांगड्यांवर पांढरे थेंब.

तिन्हींची सरासरी घेतली.
बोटांमधून गळालं
ते धरलं नाही.