काटा स्थिर होईपर्यंत

लीपायाच्या बंदरावर
लाकडाचे ट्रक तोलत
एकवीस वर्षं रात्रपाळी केलेली आउस्मा
नव्या लॅपटॉपसमोर बसली आहे,
चष्म्यावर चष्मा.

पडदा म्हणतो:
हे ॲप तुमच्या संगणकावर चालू शकत नाही.
'तुमच्या' तिला बोचतं.
परवापर्यंत तर हा भाच्याचा होता.

खेळ साधा. नदीकाठी शहर वसवायचं,
विहिरी खणायच्या, पाणक्ये फिरवायचे,
आग लागली तर वेळेवर पोचायचं.
दोन ट्रकांच्या मधल्या अंधारात
तिनं तिथं किती बाजार भरवले,
एकदा तर सगळा कर माफ केला,
पहाटे चार वाजता, कुणाला न विचारता.

तबकडी चेरीच्या झाडावर होती.
चौदा उन्हाळे भोरड्यांना भिववत,
गळाच्या दोऱ्यात ओवलेली.
शिडी लावली. वारा शिडीशी भांडत होता.
दोरा कापून
भांड्यांच्या साबणानं धुतली.
पण लॅपटॉपला तबकडी गिळायला तोंडच नाही;
शेजारच्या गुनवाल्डिसनं बाहेरून जोडायचा ड्राइव्ह दिला
आणि सल्लाही, न मागता.

मग सुरू झालं नकटीचं लग्न.
डीएलएल सापडत नाही.
सापडली, ती भलत्याच पिढीची.
खेळ बत्तीस बिटांचा,
पण त्याला घरात बसवणारा हमाल सोळा बिटांचा,
आणि सोळावाल्यांना आता दाराशीच अडवतात.
म्हणून सामान तिनंच उचललं, एकेक फाइल करून.
'प्रशासक म्हणून चालवा.'
आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला प्रशासक म्हटलं
आणि तरी काही हललं नाही.
काळा पडदा. कर्सर.
स्वयंपाकघरात बीट करपल्याचा वास.

राइतिस लिमरिकहून फोनवर:
मावशी, कम्पॅटिबिलिटीत जा,
जुनी विंडोज निवड, रंग दोनशे छप्पन.
पुष्कळ झाले, ती म्हणाली,
आमच्या बंदरावर तीनच होते.
राखाडी, ओला राखाडी,
आणि ट्रकचे मागचे दिवे.

चौथ्या रात्री उघडला
आणि धावत सुटला.
जानेवारी म्हणावं तर ऑगस्ट.
गहू पिकला, सडला, पाणक्ये मुंग्यांसारखे सैरावैरा,
राजाचा दूत आला, रागावला, गेला,
ती माउसपर्यंत पोचायच्या आत
शहर राख. नऊ सेकंद.
जुन्या खेळानं वेळ मोजायला
प्रोसेसरचे ठोके धरले होते
आणि या नव्या काळजाला धीर कसा तो नाही.

ती हसली. इतकी,
की वरच्या मजल्यावर कुणीतरी पाय आपटला.

हे तिला ठाऊक होतं.
नवखे ड्रायव्हर काट्यावर चढले रे चढले
की खिडकीतून हात बाहेर: किती? किती?
थांब, ती म्हणायची. डोलतोय अजून.
डोलताना दिसतो तो आकडा
लाकडाचा नसतो,
तुझ्या घाईचा असतो.

आठांपैकी एकच कोअर ठेवला.
फ्रेम सेकंदाला तीस. मग वीस.
अर्धा दिवस ती त्या यंत्राला
दमायला शिकवत होती.

जुनं शहर मात्र मिळणार नव्हतं.
ते काटाघरातल्या संगणकासोबत भंगारात गेलं,
किलोच्या भावानं,
आणि तोल तिनंच केला होता.
नेमके अकरा किलो सातशे.
लोकसंख्या धरून.

आता रिकामा नकाशा. नदी.
आवाज येत नाही;
ते घोडं कुठं पेंड खातंय, उद्या बघू.
तिनं पहिली विहीर खणली.
बराच वेळ काही नाही.
मग एक पाणक्या बाहेर आला,
खांद्यावर घागर, थोडा तिरपा,
आणि निघाला.

गुनवाल्डिसनं भिंतीपलीकडून विचारलं, चालतोय का?
चालतोय, ती म्हणाली.
धावत नाही. चालतोय.