डावखुरी रेघ

वोयतेखने टाकी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली,
वर्तमानपत्रावर, सोललेल्या बटाट्यांशेजारी.
लिंझजवळच्या एका गोठ्यातून आणली, म्हणाला,
जावा, अडीचशे सीसी, पंचावन्नची. गंज फक्त बुडाला.
रेघ पुन्हा मारून द्याल, आजी?

माझे हात बघ, म्हटलं. चहा बशीत सांडतो.

साझावा नदीकाठी, तिनेत्सच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं टाक्यांवर सोनेरी रेघा मारल्या.
खारीच्या केसांचा ब्रश, श्वास रोखलेला,
एका दमात गुडघ्याच्या रबरापर्यंत.
मध्ये थांबलं की गाठ पडते
आणि फोरमन टर्पेंटाइनची चिंधी फेकतो अंगावर.

वडील त्याआधीपासून लेथवर. युद्धात
जर्मनांची कामं करता करता, त्यांच्याच नाकाखाली
ही माणसं आपली गाडी घडवत होती;
चाचणीला काढायची तर टाकीवर जर्मन कंपनीचं नाव.
म्हणजे आमच्या रंगाचा पहिला हात
खोटाच.

वोयतेखचं चालूच:
किक आणि गिअर एकाच दांडीत, आजी!
वर वळवली की किक, खाली आणली की गिअर,
आणि गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो!
मला सांगतोस?
मी कधी बसले नाही, पण पाळी सुटली की फाटकाशी
शंभर दांड्या खटाखट वळायच्या,
निळा धूर, पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलचा गोडसर वास,
आणि त्यातून यारमिलाची हाक:
बस मागे, भित्रे!

सहज अंगठा फिरवला टाकीवर.
रेघ मागे जाड,
पुढे येता येता बारीक.

आम्ही सगळ्या पुढून मागे ओढायचो.
उलटी ओढणारी अख्ख्या हॉलमध्ये एकच.
अडुसष्टच्या सप्टेंबरात, रणगाडे येऊन महिनाही नव्हता,
पगाराच्या दिवशी ती आली नाही.
पोलिसांनी मला तीनदा बोलावलं.
कुठे गेली ते खरंच ठाऊक नव्हतं.
त्या आठवड्यातही ती "बस मागे" म्हणाली होती,
तेवढं सांगितलं नाही.

गोठा कुणाचा रे?
एक म्हातारी होती, वारली. भाच्याने विकली.
नाव नाही विचारलं. का?

बटाटे बाजूला सारले.
रेघेला हात लावू नकोस, म्हटलं.
बुडाचा गंज काढ. इंजिन बोललं
की मागची सीट घट्ट बसव
आणि मला हाक मार. जोरात मार,
हल्ली ऐकू कमी येतं.