जास्तीत जास्त किती द्याल?

भोईपुऱ्यात सकाळी साडेसातला
बर्फाचं पाणी चपलेत शिरतं.
मी फॉर्म उघडतो, पेनाचं टोपण दातात.

तलावातून माणशी दहा किलो, वर नाही,
हा नियम लागून सात महिने झाले.
गिऱ्हाइकाचं त्यात किती गेलं, ते मला मोजायचंय.
रीत सोपी आहे: द्यायची तयारी किती होती,
दिले किती. मधलं जे खिशात राहिलं
ते त्याचं सुख.
आलेखावर त्याचा त्रिकोण होतो,
कापून टाकलेल्या शेपटीएवढा.

फुलवंता मारबते विळीवर बसलीय, कतला मधोमध.
"लिहा जी. मागच्या साली एकशे साठ,
यंदा दोनशे चाळीस.
पण मासा पाहा न भाऊ, केवढा भरला!
आधी तर तळहाताएवढे पोट्टेच इकत होतो आम्ही."
माशाच्या वाढीला फॉर्मात रकाना नाही.
मी समासात लिहितो. समासाची बेरीज होत नाही.

रेल्वेतून निवृत्त झालेले शिकदारबाबू
कल्ला उचलून लाली पाहतात.
"तीनशेपर्यंत देईन," माझ्या कानाशी,
फुलवंताला ऐकू जाऊ नये असं.
साठ रुपये सुख. नोंद.

मग एक बाई, पदराची गाठ सोडत.
लेक बाळंतीण, रश्शाला डोकं पाहिजे.
जास्तीत जास्त किती द्याल?
तिने गाठ पुरती उलगडून दाखवली. पंच्याऐंशी.
"याच्यावर काय देऊ जी?"
मी पंच्याऐंशी लिहिलं.
डोकं पंच्याऐंशीलाच गेलं.
वजा करून शून्य आलं,
ते मी दोनदा तपासलं.
ती तोवर कोपऱ्यावर पोचली होती,
पिशवीतून थेंब सांडत.

माश्या बसू लागल्या तेव्हा फुलवंता पाटा धूत म्हणाली,
"अन् लोखंडेबाई? अन् ते उर्दू शाळेचे मास्तर?
दर इतवारले येत. भाव चढला तसे दिसलेच नाही.
त्यायचं काय लिहिलं?"

जो आलाच नाही
त्याला कुठल्या ओट्याशी गाठू?

निघताना मी एक मरळ घेतो.
मनात चारशे होते, तिने तीनशे साठ सांगितले.
माझा फॉर्म कोणी भरत नाही.

सीताबर्डीच्या बसमध्ये
वरच्या चाळीस रुपयांना मी खिशात हात लावून पाहतो.
मांडीवरच्या पिशवीत मरळ अजून धडपडतेय,
फॉर्मांचा गठ्ठा खालून ओला होतोय.